धुराबद्दल एक ओळही नाही?

संपादक महोदय, स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतील, ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरच्या वाईनवरील लेख वाचला. फोटो सुंदर आहेत. पण ‘निर्मनुष्य रानातली स्वच्छ हवा’ एवढ्याच सुरावर पानभर मजकूर छापायचा आणि त्याच रानातल्या वणव्यांतून येणाऱ्या धुराबद्दल एक ओळही लिहायची नाही, हे अजिबात पटले नाही.

२०१९ च्या हंगामात मी तिथल्या ह्युऑन खोऱ्यातल्या एका द्राक्षबागेवर कामाला होतो. पाऊस नसताना विजा पडल्या आणि जानेवारीत, तिथल्या ऐन उन्हाळ्यात, पश्चिमेकडचे जंगल धुमसत राहिले. आग बागेपर्यंत आली नाही. धूर आला, आणि तोही मण्यांत पाणी उतरायच्या, म्हणजे मणी पिकू लागायच्या तोंडावर. घडावर डाग नाही, मणी खाल्ला तर गोड! धुरातली द्रव्ये सालीत शिरून साखरेला चिकटतात आणि रस आंबू लागला की सुटतात. म्हणून मालकाने पिनो न्वार या लाल वाईनच्या द्राक्षाचे थोडे घड खुडून बादलीत आंबवून पाहिले. त्यातला घोट मीही घेतला. विझल्या चुलीतली राख जिभेवर ठेवावी तशी चव! लाल वाईन सालीसकट आंबवतात, त्यामुळे तिला हा धूर जास्त बाधतो. शारदोने या पांढऱ्या वाईनच्या द्राक्षाचे घड अख्खे दाबून रस लगेच वेगळा काढतात, म्हणून तिथे थोडी तरी आशा असते. पिनोचा माल वेलीवरच राहिला. पाखरांनी घड खाऊ नयेत म्हणून अंथरलेली जाळी तशीच गुंडाळली. वसंतात दंवाच्या भीतीने रात्र रात्र जागून राखलेली बाग होती ती. आमची काढणीची मजुरीही गेली, पण त्या माणसाचा चेहरा आजही डोळ्यांपुढून हलत नाही.

२०१६ च्या जानेवारीतही विजांनीच तिथले रान पेटवले होते. बेटाचा जवळपास पाव भाग जागतिक वारसा म्हणून राखलेले रान आहे. त्याच्या शेजारी शेती करणाऱ्याला हे टाळता येत नाही. लेखकांनी एका बागायतदाराला विचारले असते तरी कळले असते.

‘अगदी आपल्या नाशिकसारखेच’ हे वाक्यही खटकले. आपल्याकडे नव्या काड्यांसाठी एप्रिलची खरड छाटणी आणि फळासाठी ऑक्टोबरची गोडी छाटणी, अशा दोन. तिथे वेल थंडीत झोपतो, छाटणी एकच. निदान शेतीच्या जिल्ह्यात खपणाऱ्या दैनिकाने एवढे तपासायला हवे होते.

आणखी एक. लेखासोबतच्या ऑस्ट्रेलियाच्या नकाशात टास्मानियाच नाही! पुढच्या रविवारी बरोबर नकाशा छापावा, ही विनंती.

— एक द्राक्ष बागायतदार, निफाड (जि. नाशिक)