त्या ‘मग’चं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला कानावरचा लेख वाचला. पडदा हलला, तीन हाडं हलली, आतल्या कानाच्या शंखातलं पाणी हिंदकळलं ‘आणि मग आपल्याला ऐकू येतं’. लेखकमहाशय, ऐकण्याची खरी गंमत त्या ‘मग’मध्ये आहे, तेवढीच तुम्ही गाळलीत!

पाणी हललं की केसपेशींवरचे केस वाकतात. पेशीत पोटॅशियम शिरतं, पाठोपाठ कॅल्शियम, आणि पेशीच्या बुडाशी ग्लुटामेट नावाचं निरोप्या रसायन सुटतं. ते श्रवणचेतेच्या, म्हणजे कानातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेच्या, तंतूपर्यंत पोहोचलं, तरच निरोप मेंदूकडे निघतो. हे काम करणाऱ्या आतल्या केसपेशी एका कानात अवघ्या ३,५०० च्या आसपास.

तरीही गप्प बसलो असतो. पण शेवटच्या चौकटीत ‘ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) नॉर्मल असल्यास निश्चिंत राहा’ असं वाचलं आणि डोकं फिरलं. माझी बावीस वर्षं कॉम्प्रेसरच्या खोलीत गेली. समोर एकच माणूस असला तर सगळं नीट कळतं. चौघं एकदम बोलू लागले की नुसता गलका. तपासणीत बंद खोलीत बसवून हेडफोनमधून टूं-टूं ऐकवलं. मी इमानाने बटण दाबत राहिलो. आलेख सरळ. डॉक्टर म्हणाले, “कान उत्तम आहेत, जरा लक्ष देऊन ऐकत जा.” हे वाक्य घरात आजही मला रोज ऐकवलं जातं, आणि ते मात्र मला स्पष्ट ऐकू येतं.

२००९ साली कुजावा आणि लिबरमन या संशोधकांनी उंदरांवरच्या प्रयोगात दाखवलं की मोठ्या आवाजानंतर केसपेशी शाबूत राहतात, बारीक आवाज पुन्हा ऐकू येऊ लागतात, पण कानाच्या काही भागात पेशी आणि तंतू यांच्यातले जवळजवळ निम्मे सांधे कायमचे गेलेले असतात. माझ्या कानात हेच झालंय असा माझा दावा नाही. जिवंत माणसाच्या कानातले सांधे मोजायची सोय अजून दवाखान्यात नाही. म्हणूनच ‘निश्चिंत राहा’ हा सल्ला फार स्वस्त वाटला.

जाता जाता, आकृतीत श्रवणचेता थेट कानाच्या पडद्याला चिकटवली आहे. नावं इतक्या बारीक टायपात आहेत की आता डोळेही तपासून घ्यावे लागतील. आणि शब्दकोड्यातल्या चुकीबद्दल मी महिन्यापूर्वी पाठवलेलं पत्र अजून छापलेलं नाही. तेही कुठल्या सांध्यात अडकलंय का?

आपला,
एक जुना वर्गणीदार