तारीख पुढे गेली म्हणजे काम बुडालं असं नाही

प्रिय आई, बाबा,

परवा फोनवर नीट बोलता आलं नाही, मीटिंगमधून बाहेर येऊन घाईघाईत बोलत होते, पण बाबा तुमच्या आवाजावरून लगेच कळलं की पेपरात जीटीए सिक्स या गेमची तारीख पुन्हा पुढे गेल्याची ती बातमी वाचून तुम्हाला टेन्शन आलंय. त्यात मी आदल्या दिवशीच सांगितलेलं की आमचाही गेम सहा महिने पुढे गेला. आज सुट्टी आहे म्हणून सविस्तर लिहितेय, आईला वाचून दाखवा.

पहिलं म्हणजे ती कंपनी आमची नाही. जीटीए बनवणाऱ्या रॉकस्टारचं ऑफिस इथे बेंगळुरूत आहे हे खरं, २०१९ मध्ये त्यांनी इथली ध्रुव ही १९९७ पासूनची जुनी गेम कंपनी पण घेतली, पण मी दुसरीकडे आहे. आमच्या गेमचं नाव सांगता येत नाही, तसं सही करून दिलंय, फक्त तोही एका गेमचा पुढचा भाग आहे एवढं सांगते. पगार वेळेवर होतोय, नोकरीला काही झालेलं नाही.

आता जीटीएचं. दादाच्या कॉम्प्युटरवर आम्ही व्हाइस सिटी खेळायचो आणि तुम्ही येऊन मेन स्विच बंद करायचात, आठवतंय ना, तो गेम २००२ चा. त्याच मालिकेतला पाचवा सप्टेंबर २०१३ मध्ये आला आणि आजपर्यंत त्याच्या २० कोटींहून जास्त कॉपी विकल्या गेल्यात. सहावा परत त्याच व्हाइस सिटीत घडणार आहे, डिसेंबर २०२३ मध्ये पहिला ट्रेलर आला त्यात २०२५ लिहिलेलं, मग २६ मे २०२६ झालं, आणि ६ नोव्हेंबर २०२५ ला त्यांनी १९ नोव्हेंबर २०२६ जाहीर केलं. तुम्ही विचारलंत तेरा वर्षं ही माणसं करतात काय. मधे त्यांनी २०१८ ला दुसरा एक प्रचंड मोठा गेम काढला, ती वर्षं त्यात गेली, पण खरी गोष्ट अशी की पुढचा भाग करणं पहिल्यापेक्षा अवघड असतं. पहिल्या गेमकडून कुणाची काही अपेक्षा नसते, दुसऱ्याच्या वेळी मात्र लोकांना आधीचा रस्ता न् रस्ता पाठ असतो, त्यांना तेच हवं असतं आणि नवीनही हवं असतं.

आई, तुला हे लगेच कळेल. तू ब्लाउज काखेत ढिला करायचीस आणि मग पाठीत झोळ यायचा, पाठ नीट केली की खांदा उतरायचा. आमचं अगदी तेच आहे, एका माणसाची चाल दुरुस्त केली की दुसरीकडे कुणीतरी भिंतीतून आरपार जायला लागतो. हे सगळं शोधायला माणसं बसवलेली असतात, दिवसभर एकच दार शंभर वेळा उघडून बघतात. लग्नसराईत बायका दारात उभ्या असायच्या तरी तू कच्च्या टाक्यांवर एकही ब्लाउज दिला नाहीस, उद्या या म्हणायचीस आणि बोलणी खायचीस. तारीख पुढे ढकलणं म्हणजे तेच आहे गं.

आणि घाई केली की काय होतं तेही झालंय. सायबरपंक २०७७ म्हणून पोलंडच्या कंपनीचा गेम होता, त्याचीही एक तारीख १९ नोव्हेंबरच होती, २०२० ची. तिथूनही पुढे जाऊन १० डिसेंबरला आला आणि जुन्या गेम मशीनवर इतका अडकायला लागला की आठवड्याभरात सोनीने आपल्या स्टोअरवरून काढून टाकला, लोकांना पैसे परत द्यायला लागले. पुढे त्यांनी तो चांगला दुरुस्त केला, पण त्याला वर्षं लागली. उलट ऑस्ट्रेलियात ॲडलेडला अगदी मोजक्या लोकांची टीम आहे, त्यांनी २०१९ ला सिल्कसाँग नावाचा गेम जाहीर केला, तो आधी त्यांच्याच जुन्या गेमला जोडायचा एक तुकडाच होता, वाढत वाढत अख्खा दुसरा भाग झाला, आणि ४ सप्टेंबर २०२५ ला आला तर गर्दीने ऑनलाइन दुकानांचे सर्व्हरच बसले. साडेसहा वर्षं लोक चिडले, कंटाळले, पण थांबले.

तारीख ढकलली की सगळं चांगलंच होतं असं मी म्हणत नाही. माझ्या आधीच्या कंपनीत दोनदा तारीख पुढे गेली आणि दोन्ही वेळा त्याचा अर्थ आणखी रात्री जागायच्या एवढाच होता, तेव्हा मी तुम्हाला काही सांगितलं नव्हतं, जेवले म्हणायचे आणि फोन ठेवायचे. इथे तसं नाहीये. आमच्या लीडने सगळ्यांना बसवून सांगितलं की हे सहा महिने कामाला आहेत, सातला घरी जायचं, आणि खरंच मी सातला निघते. परवा फोनवर माझा आवाज बसलेला वाटला तो सर्दीमुळे, रडले नव्हते.

मिळालेल्या वेळात मी काय करतेय सांगू? गेममधला एक लोखंडी जिना. गल्लीतला, पावसात भिजलेला. आधी घाईत केलेला तेव्हा सगळीकडे सारखाच गंज लावून टाकला होता, चित्रात बरा दिसायचा पण बघताना खोटा वाटायचा. मग लक्षात आलं की कठड्याला जिथे रोज हात लागतो तिथे गंज नसतोच, तिथलं लोखंड घासून गुळगुळीत काळं झालेलं असतं, आणि गंज असतो खालच्या बाजूला, वेल्डिंगच्या सांध्यात, जिथे पाणी साठतं. हे मला आपल्या गच्चीच्या जिन्यामुळे माहीत आहे. तीन दिवस त्या एका कठड्यावर आहे, अजून मनासारखा नाही झाला.

तर बाबा एक काम करा ना. जिन्याचे चार-पाच फोटो काढून पाठवा, खालून तिसऱ्या-चौथ्या पायरीजवळचा कठडा, वरून एक आणि खालच्या बाजूने एक. आधी तांब्याभर पाणी ओता आणि ऊन थेट नसताना काढा, सकाळी आठच्या आत बरं पडेल. आईला शेजारी उभं करा, तिचा हात कठड्यावर असू दे, म्हणजे मला माप कळेल.

तुमची,
मनू