विषय: माल्टा ते कॅटानिया फ्लाइट टाइम १३ मिनिटं दाखवून विकलेलं बुकिंग, पैसे परत मिळण्याबाबत

नमस्कार,

तुमच्या ॲपवरून आम्ही माल्टा, सिसिली, रोम असं बुकिंग केलं होतं, मी, बायको आणि माझे आईबाबा. बुकिंग नंबर आणि बिलं सोबत जोडलीयेत. कस्टमर केअरला फोन केला की "टीमला कळवतो" एवढंच ऐकायला मिळतं, म्हणून आता लेखी देतोय.

तुमच्या पेजवर माल्टा ते सिसिलीतलं कॅटानिया अंतर १८६ किमी आणि फ्लाइट टाइम १३ मिनिटं असं लिहिलंय. अंतर बरोबर आहे, सरळ रेषेत साधारण तेवढंच भरतं. पण १३ मिनिटं कुठून आणली? १८६ ला ताशी ८५० ने भागलं की बरोबर १३ येतात, म्हणजे तुम्ही फक्त भागाकार केलाय! अहो एवढ्याशा अंतरात विमान त्या स्पीडला फार वेळ राहतच नाही, वर चढतंय तोवर खाली यायची तयारी सुरू होते, आणि १० हजार फुटांच्या खाली तर साधारणपणे २५० नॉट म्हणजे ताशी ४६३ किमीचीच मर्यादा असते. शिवाय रनवेपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर पार्किंगपर्यंत येणं हे सगळं वेगळंच. म्हणून एअरलाइन स्वतः पाऊण तास ते ५० मिनिटं धरते, आमच्या तिकिटावर पण १०:०५ ला सुटून १०:५५ ला पोचणार असंच होतं, फक्त ते ई-तिकीट तुम्ही आम्हाला निघायच्या आदल्या रात्री पाठवलंत. दोन्हीकडे घड्याळ एकच चालतं, त्यामुळे टाइम झोनचा घोळ झाला असंही म्हणता येणार नाही.

तुमच्या आयटिनररीत मात्र आम्ही १०:१८ ला कॅटानियात, आणि त्या हिशोबाने रोमचं विमान ११:४० चं, तेही वेगळ्या तिकिटावर. बॅगा हातात येईपर्यंत ११:२० झाले, रोमच्या विमानासाठी बॅगा जमा करायचं काउंटर कधीच बंद झालं होतं. बाबांना गुडघ्याचा त्रास आहे, त्यांना घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत पळापळ केली ती वेगळीच. पहिलं विमान वेळेवर आलं होतं त्यामुळे विमानाच्या उशिराबद्दल भरपाई देणाऱ्या युरोपच्या २६१ नंबरच्या नियमात एअरलाइनकडून काही मिळत नाही, आणि तिकिटं वेगळी म्हणून रोमवाल्यांनी पण हात वर केले. संध्याकाळची चार नवीन तिकिटं आम्हीच काढली.

आणि हे कॅटानिया आहे, जवळच्या एटना ज्वालामुखीने राख उडवली की तिथली विमानं उशिरा धावतात, कधी विमानतळच बंद ठेवतात. त्या दिवशी तसं काहीच नव्हतं तरी आमची ही गत झाली. अशा ठिकाणी कनेक्शन लावताना दोन-तीन तास मोकळे ठेवायला नकोत का? माल्टातल्या व्हॅलेटाहून सिसिलीतल्या पोझालो बंदराला पावणेदोन तासात फेरी बोट जाते, कॅटानियातच मुक्काम ठेवता आला असता, यातलं काहीच तुम्ही सुचवलं नाही.

मला चार नव्या तिकिटांचे पूर्ण पैसे आणि रोमच्या हॉटेलने कापलेली रक्कम १५ दिवसात परत हवीये. नाहीतर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवून जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मला ती माझ्याच जिल्ह्यात करता येते. आणि ते १३ मिनिटं आधी पेजवरून काढा, आज सकाळी पण तसंच दिसत होतं, स्क्रीनशॉट जोडलाय. त्याच्या भरवशावर अजून कोणीतरी म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन बुकिंग करत असेल.

लेखी उत्तराची वाट बघतोय.

तुमचा ग्राहक, नाशिक