ज्यांचा फोटो फ्लेक्सवर लागत नाही, त्या मुलांसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या गणेशोत्सवात आपल्या तालमीनं डॉल्बी लावायची नाही असं ठरवलंय. ती रक्कम, आणि आपण तिच्यात घालाल ती भर, लघवीच्या व जननमार्गाच्या जन्मजात दोषांवर उपचार घेणाऱ्या मुलामुलींसाठी खर्च होईल. विषय वाचून काही मंडळी अवघडतील. पण अवघडण्यानंच या पोरांचं नुकसान झालंय.

हृदयाला छिद्र असलेल्या बाळासाठी कोल्हापूर कधी हात आखडता घेत नाही. बाळाचा फोटो मोबाईलवर फिरतो, चौकात फ्लेक्स लागतो आणि पैसे उभे राहतात. पण ज्या पोराच्या लघवीचं भोक टोकाला नसून खालच्या बाजूला आहे, त्याचा फोटो कोण लावणार? आणि लावावा तरी का? आईबाप सख्ख्या भावाला सांगत नाहीत, ते पेठेला कुठलं सांगणार.

असं पोर शाळेत मुतारीवर उभं राहत नाही. धार पायावर पडते, चड्डी भिजते, बाकीची पोरं हसतात. मग ते दिवसभर पाणी पीत नाही, लघवी दाबून धरतं आणि घरी आलं की दप्तर टाकून आधी मोरीत पळतं. घरचे म्हणतात, लाजाळू आहे. हा दोष साधारण दोन-तीनशे मुलग्यांत एकाला असतो, म्हणजे पंचक्रोशीत कुठं ना कुठं आहेच. शस्त्रक्रिया सहा महिने ते दीड वर्षाच्या वयात झाली तर पोराला पुढं ती आठवतसुद्धा नाही. एक मात्र ध्यानात ठेवा: असा दोष दिसला तर सुंता आधी उरकू नका. पुढची कातडी शस्त्रक्रियेत कामी येते.

गोटी (वृषण) अंडकोशात न उतरणं याहून जास्त आढळतं. पूर्ण दिवसांच्या शंभर मुलग्यांत साधारण तिघांना जन्मतः हा दोष असतो, अपुऱ्या दिवसांच्या बाळांत तर बराच जास्त. पहिल्या सहा महिन्यांत पुष्कळांची आपोआप उतरते, त्यानंतर उतरण्याची आशा फारशी नसते. 'मोठा झाला की उतरंल' या भरवशावर शाळेची वर्षं निघून जातात. तोवर गोटीची वाढ खुंटते, पुढं मूल होण्यात अडचण येते, कर्करोगाचा धोकाही वाढतो. बाळाला न्हाऊ घालणाऱ्या मावशींना म्हणूनच आमची वेगळी विनंती आहे. डॉक्टरांच्या आधी हे तुमच्या हाताला कळतं. आईच्या कानावर घाला.

सगळ्यांत वाईट ती मूत्रमार्गातली पडद्यासारखी झडप. ती फक्त मुलग्यांत असते. धार लागत नाही, थेंब थेंब गळतं, लघवी मागं तुंबते आणि दोन्ही मूत्रपिंडं फुगतात. गरोदरपणी पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत फुगलेली मूत्रपिंडं पुष्कळदा दिसतात, तेव्हा बाळाच्या मूत्रपिंडांबद्दल डॉक्टरांना बिनधास्त विचारा. कायद्यानं बंदी आहे ती फक्त मुलगा की मुलगी विचारण्याला. झडप दुर्बिणीतून काढता येते, पण लघवीची पिशवी पुढं वर्षानुवर्षं त्रास देते. काही पोरांना दिवसातून चार-पाच वेळा नळी घालून लघवी काढावी लागते.

मुलींचं दुखणं आणखी झाकलेलं. पंधरा वर्षांची झाली तरी पाळी नाही, पण दर महिन्याला पोट मात्र दुखतंय. अपेंडिक्स म्हणून औषधं होतात, कुणी बाहेरचं बघायला सांगतं. सोनोग्राफी केली की कळतं, योनिमार्गावरचा पडदा बंद आहे आणि आत रक्त साठलंय. नुसता पडदाच असेल तर शस्त्रक्रिया लहानशी असते. साधारण पाच हजारांत एका मुलीला गर्भाशयच नसतं. तिच्यासाठी शस्त्रक्रियेआधी धीर देणारं माणूस लागतं. मूत्रपिंडं आणि गर्भाशय पोटात शेजारीशेजारीच घडतात, त्यामुळं एकात दोष निघाला की दुसऱ्याचीही तपासणी करून घ्यावी.

मुलगा की मुलगी पटकन सांगता येत नाही असं बाळ जन्मलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. काही बाळांच्या अंगातलं मीठ निघून जातं आणि दोन-तीन आठवड्यांत जिवावर बेततं. शस्त्रक्रियेची मात्र घाई नको. आणि देवीला सोडायची भाषा तर नकोच. शाहू महाराजांच्या या गावात देवदासी प्रथेला १९२० सालीच कायद्यानं बंदी झाली. ग्रहणात विळी हातात घेतली म्हणून असं झालं, असं सुनेला ऐकवणाऱ्यांनीही जरा थांबावं. ही जडणघडण गर्भात पहिल्या तीन-चार महिन्यांत होते, विळीचा तिच्याशी काही संबंध नाही.

आता पैशाचं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत लहान मुलांच्या शस्त्रक्रियाही आहेत. रेशनकार्ड घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटावं, कागदपत्रांत आमची पोरं सोबत येतील. मग वर्गणी कशाला? योजना भागवते ते दवाखान्यातल्या दिवसांचं. गगनबावड्याहून, शाहूवाडीहून पुन्हा पुन्हा यायचं एसटीचं भाडं, बुडालेला रोज, बाहेरून कराव्या लागणाऱ्या तपासण्या, महिन्याच्या महिन्याला लागणाऱ्या नळ्या हे सगळं घरावर पडतं. उपचार अर्ध्यावर सुटतो तो इथंच. ऊसतोडीला आलेल्यांचं तर हंगाम संपला की पालच उठतं, पुढची तारीख कागदावरच राहते.

पैसे नसतील तर दुसरंही देता येईल. सीपीआर (सरकारी दवाखाना), दसरा चौकाच्या आसपास तळमजल्यावरची एखादी खोली आठ-दहा दिवसांसाठी मिळाली तर मोठा आधार होईल. घरी सोडायला रिक्षा हवी. वस्तीवर जाऊन आयांशी बोलतील अशा बायका हव्यात, हे काम आम्हा बाप्यांना जमणारं नाही.

पावती तालमीत संध्याकाळी सात ते नऊ मिळेल. कुठल्याही मुलाचं नाव, गाव किंवा फोटो कुणालाही दिला जाणार नाही, देणगी कितीही मोठी असो. हिशेब अनंत चतुर्दशीनंतर फलकावर लागेल, त्यात रक्कम आणि ती कशासाठी गेली एवढंच असेल. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनी सगळ्यांसमोर यायची गरज नाही. महिला मंडळाच्या ताईंकडे निरोप ठेवला तरी पुरे, त्या घरी येतील.