गच्चीवरील हिरवळ काढण्याच्या सूचनेबाबत अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती

विषय : 'अ' इमारतीच्या गच्चीवरील लागवड काढण्याची सूचना मागे घेण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार. गच्चीवरील लागवड महिनाअखेरपर्यंत काढून टाकावी, अशी सूचना फलकावर लागली आहे. याच विषयावर मी यापूर्वी दिलेल्या पत्रांना समितीने उत्तर दिलेले नाही. सभासदाच्या लेखी तक्रारीवर समितीने पुढील सभेत निर्णय घ्यावा आणि तो त्याला कळवावा, असे आपल्या उपविधींत स्पष्ट म्हटले आहे. शेजाऱ्यांशी वाद वाढवणे मला कधीच आवडले नाही, म्हणून उत्तर न मिळूनही मी आजवर गप्प राहिले. पण आता गप्प राहणे म्हणजे सर्वांच्या मालकीची एक चांगली गोष्ट डोळ्यांदेखत जाऊ देणे होईल.

वरच्या मजल्यावरील ज्या सभासदांच्या तक्रारीवरून ही सूचना निघाली, त्यांच्या छताला ओल आली आहे हे खरे आहे आणि त्यांना होणारा त्रासही मला दिसतो. मात्र ही ओल जिन्याकडच्या कोपऱ्यात आहे. त्या कोपऱ्याच्या वर लागवड नाही. तिथे त्यांनी स्वतःसाठी बसवून घेतलेली जादा पाण्याची टाकी आहे, तिच्या नळजोडातून पाणी ठिबकते आणि ते मी समितीच्या एका सदस्यांना प्रत्यक्ष दाखवले आहे. त्या टाकीला समितीने परवानगी दिल्याची नोंद असेल तर ती मला दाखवावी. गच्ची सामायिक आहे, हा नियम सूचनेत लागवडीसाठी ठळकपणे उद्धृत केला आहे. तोच टाकीलाही लागू होतो.

इमारतीवर भार पडतो, हा तक्रारीतला दुसरा मुद्दा. आपल्या गच्चीवरचा मातीचा थर १० सेंटिमीटरचा आणि हलक्या मिश्रणाचा आहे. असा थर पाण्याने पूर्ण भिजला तरी त्याचे वजन प्रति चौरस मीटर साधारण १०० ते १५० किलो भरते, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरने ते गृहीत धरूनच लेखी संमती दिली होती. याउलट टाकीत एक मीटर उंचीपर्यंत पाणी असले, तर तिच्याखालच्या प्रत्येक चौरस मीटरवर १००० किलो भार येतो. तो भार कोणत्या इंजिनिअरला विचारून ठेवला, हे आजवर कोणीही विचारलेले नाही.

लागवडीखाली काय आहे, हेही समितीने पाहिलेले दिसत नाही. सर्वांत खाली वॉटरप्रूफिंग, त्यावर मुळे रोखणारा जाड पडदा, मग निचऱ्याचा थर, त्यावर माती वाहून जाऊ न देणारे कापड आणि मग माती, अशी ती रचना आहे. उघड्या गच्चीचे वॉटरप्रूफिंग मुख्यतः उन्हाने आणि दिवसा तापून रात्री आकसण्याने तडकते. मातीखाली झाकलेले वॉटरप्रूफिंग या दोन्हींपासून वाचते आणि अधिक वर्षे टिकते. लागवड उपटली की नेमके हे संरक्षण जाईल, आणि पुढच्या दुरुस्तीचा खर्च सर्व सभासदांकडून वसूल होईल.

या साऱ्याहून मला अधिक खुपते ते हे, की समितीने ही लागवड दोन-चार घरांचा छंद ठरवली आहे. सर्वसाधारण सभेने ठराव करून तिला मान्यता दिली होती, आणि तो ठराव आजही इतिवृत्तात आहे. गच्चीवर कधीच न येणाऱ्यांनाही तिचा लाभ होतो. उन्हाळ्यात आमच्या मजल्यावरील छत पूर्वीसारखे रात्रभर तापलेले राहत नाही. जोराच्या पावसात पाणी आधी मातीत मुरते आणि मग सावकाश उतरते, त्यामुळे फाटकाजवळ पाणी तुंबणे कमी झाले आहे. 'ब' इमारतीतील वरच्या मजल्यांच्या खिडक्यांतून पूर्वी तापलेले काँक्रीट दिसत असे, आता गवत आणि फुले दिसतात. तिथल्या कितीतरी सभासदांनी मला हे आपणहून सांगितले आहे. समितीसमोर येऊन बोलण्याचा त्यांना संकोच वाटतो, एवढेच. मेलबर्न विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये १५० विद्यार्थ्यांना कंटाळवाणे काम देऊन मध्येच ४० सेकंदांची विश्रांती दिली. तेवढ्या वेळात ज्यांनी पडद्यावर फुललेल्या हिरव्या छताचे चित्र पाहिले, त्यांच्या चुका काँक्रीटचे छत पाहणाऱ्यांपेक्षा कमी झाल्या. चित्राने एवढे साधत असेल, तर रोज अभ्यासाच्या टेबलावरून खरी हिरवळ पाहणाऱ्या मुलांसाठी तिचे मोल काय असेल, याचा समितीने विचार करावा. स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरात नव्या सपाट छतांवर अशी लागवड कायद्याने बंधनकारक आहे. कॅनडातील टोरंटो शहराने मोठ्या नव्या इमारतींसाठी तसा नियम २००९ मध्येच केला होता. आपल्याकडे ती सभासदांनी स्वखुशीने, श्रमाने उभी केली, आणि ती आपण एका फलकाने पुसायला निघालो आहोत.

गेल्या उन्हाळ्यात गच्चीवरचा नळ कोणाला न सांगता बंद करण्यात आला आणि एक संपूर्ण वाफा जळून गेला. त्यानंतर गच्चीची किल्ली पहारेकऱ्याकडून काढून तक्रारदार सभासदांच्याच घरी ठेवण्यात आली. झाडांना पाणी घालण्यासाठी मला त्यांच्या दारात उभे राहावे लागते आणि दार बहुधा उघडले जात नाही. हे सर्व मी वेळोवेळी तोंडी सांगितले होते.

तरी माझी विनंती अशी, की सूचना तत्काळ मागे घ्यावी आणि किल्ली आजच पहारेकऱ्याकडे परत द्यावी. ओलीचे कारण खरोखर शोधायचे असेल, तर आधी ती टाकी रिकामी करून हलवावी, मग त्या कोपऱ्याभोवती बांध घालून एक-दोन दिवस पाणी साठवावे आणि खाली काय होते ते दोन्ही बाजूंच्या उपस्थितीत पाहावे. लागवडीच्या भागाचीही अशी तपासणी करण्यास माझी हरकत नाही. पाणी मातीखालून झिरपते असे दिसले, तर तेवढा भाग उचलून दुरुस्त करण्याचा खर्च आम्ही लागवड करणारे सभासद देऊ. टाकीखालून झिरपते असे दिसले, तर तो खर्च कोण देणार, हे समितीने तपासणीपूर्वीच लेखी ठरवावे.

हे पत्र पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावे आणि पोच म्हणून सोबतच्या प्रतीवर सही व शिक्का द्यावा.

आपली विश्वासू,
'अ' इमारतीतील एक सभासद