मंगळाच्या छायाचित्राखाली प्रमाण छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या अंकात मंगळावरच्या निळ्या वाळूच्या टेकड्यांचे छायाचित्र अर्धे पान भरून छापलेत, त्याबद्दल मनापासून आभार. पण त्याखाली ‘मंगळाचे विलोभनीय रूप’ एवढीच ओळ होती. जागा कोणती, रुंदी किती, रंग मूळचे की दिलेले, याचा पत्ता नाही. शेजारची सातवीतली मुलगी अंक घेऊन आली आणि म्हणाली, “बाई, मंगळ तर तांबडा ना? मग हे पाणी आहे का?” हा प्रश्न तिला पडणारच.

ते पाणी नव्हे, बसाल्टची, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या खडकाची, काळपट वाळू आहे. बारीक अक्षरातल्या श्रेयावरून छायाचित्र ‘मार्स रेकनेसन्स ऑर्बिटर’वरच्या हायराइज कॅमेऱ्याचे दिसते. हे यान २००६ पासून मंगळाभोवती फिरते आहे. हा कॅमेरा निळा-हिरवा, तांबडा आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, असे प्रकाशाचे तीन पट्टे टिपतो. छायाचित्रात अवरक्ताला तांबडा रंग देतात, तांबड्याला हिरवा, आणि निळ्या-हिरव्याला निळा. तांबडी धूळ तांबड्या आणि अवरक्त पट्ट्यांत उजळ दिसते, काळपट वाळू तितकी नाही. म्हणून जिथे धूळ बसलेली नाही ती वाळू निळी दिसते. यात फसवणूक काही नाही. खडक कुठला आणि धूळ कुठली हे भूशास्त्रज्ञांना त्यामुळेच कळते. वाचकाला मात्र ते सांगायला हवे.

दुसरी गोष्ट प्रमाणाची, म्हणजे चित्रातले अंतर प्रत्यक्षात किती याची. मी मेहकरला माध्यमिक शाळेत भूगोल शिकवला. नकाशावर दिशा, सूची आणि प्रमाण नसेल तर पूर्ण गुण देत नसे, मग रंगकाम कितीही सुबक असो. हायराइजचे तर सारे मोल प्रमाणातच आहे. सुमारे ३०० किलोमीटर उंचीवरून त्याच्या एका ठिपक्यात (पिक्सेलमध्ये) जेमतेम २५-३० सेंटिमीटर जमीन येते. ऑक्टोबर २००६ मध्ये त्याने मंगळावरचे व्हिक्टोरिया विवर टिपले, तेव्हा काठावर उभी असलेली ‘नासा’ची ‘ऑपॉर्च्युनिटी’ ही यंत्रगाडी त्यात दिसली. गाडीची लांबी दीड मीटरच्या आसपास, म्हणजे छायाचित्रात पाच-सहा ठिपके. तिच्या चाकांचे माग आणि कॅमेरे बसवलेल्या खांबाची सावलीही ओळखू येते! प्रमाण न देता हेच चित्र छापले, तर ती गाडी म्हणजे कागदावरचा डाग वाटेल.

आमच्या जिल्ह्याला हा विषय परका नाही. लोणारचे विवर उल्कापाताने बसाल्टमध्येच पडलेले, आणि मंगळाचे कवचही मुख्यतः बसाल्टचे. म्हणून मंगळाचे अभ्यासक लोणारचे दगड तपासतात. लोणारचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, व्हिक्टोरियाचा पाऊण किलोमीटरच्या आत-बाहेर. सरोवराला प्रदक्षिणा घातलेल्या इथल्या मुलांना एवढे सांगितले, तरी मंगळावरचे ते विवर केवढे असेल याचा अंदाज त्यांना पायांनी येईल.

माझी विनंती अशी, की यापुढे असे छायाचित्र छापताना त्यावर प्रमाणपट्टी ठेवा. खाली जागेचे नाव, टिपल्याचे वर्ष आणि ‘रंग दिलेले आहेत’ किंवा ‘रंग नैसर्गिक आहेत’ हे चार शब्द द्या. ही माहिती हायराइजच्या प्रत्येक छायाचित्रासोबत सर्वांसाठी विनामूल्य खुली असते. आणि एखाद्या रविवारी लोणार आणि व्हिक्टोरिया, दोन्ही एकाच प्रमाणात शेजारी-शेजारी छापा. ते पान इथल्या शाळांच्या फलकांवर लावायची जबाबदारी मी घेते.

– एक निवृत्त भूगोल शिक्षिका, मेहकर (जि. बुलढाणा)