छोट्या प्रार्थनागृहाची शांतता दारापासून सुरू होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रुग्णालये, विद्यापीठे, विमानतळ अशा ठिकाणी दहा-वीस माणसांपुरती लहान चॅपल, म्हणजे प्रार्थनागृहे, बांधली जातात. तिथे प्रवचन नसते की गायन नसते. माणसाने यावे, गप्प बसावे, वाटल्यास प्रार्थना करावी, एवढ्यासाठीच ती असतात. पण त्यांचे आराखडे मंजूर होतात चित्रे पाहून. उघडे काँक्रीट, उंच भिंत, वरून उतरणारा उजेडाचा पट्टा हे चित्रात सुंदर दिसते. खोलीत घुमणारा आवाज दिसत नाही.

६ मीटर रुंद, ८ मीटर लांब आणि ५ मीटर उंच खोली धरू. आकारमान २४० घनमीटर, भिंती, छत व फरशी मिळून २३६ चौरस मीटर. सगळे पृष्ठभाग काँक्रीटचे ठेवले तर एकदा उठलेला आवाज विरायला पाच सेकंदांहून जास्त लागतात. कुणी बाकावर किल्ल्या ठेवल्या तरी सगळ्यांचे लक्ष उडते. मूक प्रार्थनेच्या खोलीत हा काळ सव्वा सेकंदाच्या आसपास असावा. त्यासाठी आकारमानाला ०.१६१ने गुणून १.२५ने भागायचे: साधारण ३१ चौरस मीटर इतके, म्हणजे आवाज पूर्ण गिळणाऱ्या तेवढ्या पृष्ठभागाइतके, ध्वनिशोषण लागते. त्यातले सातेक नुसत्या काँक्रीटमधून मिळते. उरलेल्यासाठी छताच्या पाऊण भागाला, म्हणजे ३६ चौरस मीटरला, लाकडी पट्ट्या आणि त्यामागे खनिज लोकर बसवावी लागते. नुसता गालिचा किंवा पातळ नमदा लावून भागत नाही. तो टाळीसारखा तीक्ष्ण आवाज खातो, रस्त्यावरच्या वाहनांची घरघर तशीच ठेवतो. लोकरीमागे दहा सेंटिमीटर पोकळी सोडली तर खालच्या पट्टीचा आवाजही बराच उतरतो. हिशेबात माणसे मात्र धरू नयेत. कपड्यांसह माणूस बराच आवाज शोषतो हे खरे, पण अशा खोलीत बहुतेक वेळा एकटेदुकटेच कुणी बसलेले असते, आणि शांततेची गरज त्यालाच सर्वांत जास्त असते.

आकारही महत्त्वाचा. समोरासमोरच्या गुळगुळीत समांतर भिंतींत आवाज चेंडूसारखा टोलवला जातो. गोल खोलीत तो एका जागी गोळा होतो. वास्तुविशारद एरो सारिनेन यांनी १९५५ साली अमेरिकेतल्या केंब्रिज येथील एमआयटी या विद्यापीठासाठी बांधलेले विटांचे चॅपल बाहेरून नितळ गोल आहे, पण आतली भिंत लाटांसारखी वळवलेली आहे. नुसते गोल बाह्यरूप उचलून आतली लाट सोडून दिली, तर एका कोपऱ्यातली कुजबुज दुसऱ्या टोकाला कानाशी येते.

आता दार. सर्वांत जास्त चूक इथेच होते, आणि ती दुरुस्त करायला सर्वांत कमी खर्च येतो. ९० सेंटिमीटर रुंद, २१० सेंटिमीटर उंच दाराखाली एक सेंटिमीटरची फट राहिली, तर ती दाराच्या क्षेत्रफळाच्या जेमतेम अर्धा टक्का भरते. पण तेवढ्याने ते दार, कितीही जाड असले तरी, सुमारे २३ डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवू शकत नाही. दार मिटताना खाली उतरणारी रबरी पट्टी, चौकटीला तिन्ही बाजूंनी रबर आणि दार हळू मिटवणारे यंत्र हे तिन्ही हवेतच. त्याहून चांगले म्हणजे दोन दारे आणि मध्ये दोन-अडीच मीटरची मंद उजेडाची देवडी. एक दार मिटल्यावर दुसरे उघडते, आणि तेवढ्या चार पावलांत डोळेही निवतात. ही देवडी जागा वाया जाते म्हणून पहिल्यांदा कापली जाते, याचे खरोखर वाईट वाटते.

हवेचेही तसेच. वीस माणसांना माणशी सेकंदाला दहा लिटर ताजी हवा धरली तर ताशी ७२० घनमीटर होते. ती अरुंद नळीतून ढकलली की सळसळ ऐकू येते. वेग सेकंदाला दोन मीटरवर ठेवायचा तर नळीचे तोंड साधारण ३२ सेंटिमीटर बाजूचे चौरस हवे. पंखा खोलीच्या छतावर बसवू नये. त्याची थरथर स्लॅबमधून खाली उतरते. सगळी यंत्रे चालू असताना खोलीतला आवाज २५ ते ३० डेसिबलच्या आत राहावा.

उजेडाबाबत ह्यूस्टनच्या रॉथको चॅपलचा अनुभव बोलका आहे. १९७१ साली ते उघडले. आत मार्क रॉथको यांची १४ गडद चित्रे आहेत. छतातल्या झरोक्यातून टेक्ससचे ऊन इतके प्रखर उतरले, की ते अडवण्यासाठी वेळोवेळी पडदे आणि आडोसे लावावे लागले. समाधानकारक नवा झरोका २०२०मध्ये आला. हेलसिंकीच्या गजबजलेल्या चौकातल्या कॅम्पी चॅपलमध्ये (२०१२) उजेड छताच्या कडेने लाकडी भिंतीवर घसरतो, थेट डोळ्यांत येत नाही. झरोका असा असावा. त्याची चौकट छतापासून किमान १५ सेंटिमीटर उचललेली हवी, नाहीतर गळती ठरलेली. दिवे पिवळसर, ३००० केल्व्हिनच्या आतले, आणि मंद केल्यावर न लुकलुकणारे घ्यावेत.

वास्तुविशारद पेटर झुम्टोर यांच्या जर्मनीतल्या शेतातल्या चॅपलची (२००७) नक्कल करण्याचा मोह अनेकांना होतो. तिथे छत आकाशाला उघडे आहे, पाऊस आत येतो, वीज नाही. वाटसरूच्या दहा मिनिटांसाठी ते अप्रतिम आहे. रुग्णाच्या नातेवाइकाला तासभर बसायचे असेल तर ते चालणार नाही.

बसण्याविषयी थोडेच: बाकाची उंची ४५ सेंटिमीटर, पायांखाली नमदा, चाकाच्या खुर्चीला वळायला दीड मीटर मोकळी जागा, आणि तीही मागच्या कोपऱ्यात नव्हे.

इमारत ताब्यात घेण्यापूर्वी समितीने एकदा रिकाम्या खोलीत, हवा चालू ठेवून, बाहेर वर्दळ असताना अर्धा तास गप्प बसावे. जे ऐकू येईल ते कागदावर उतरवून घ्यावे आणि ते दुरुस्त होईपर्यंत ठेकेदाराचा शेवटचा हप्ता देऊ नये.

आपले,
ध्वनी आणि वास्तुरचना या क्षेत्रांत काम करणारे काही वाचक